शेतात पिकतं ते ताटात हवं: सिल्लोडच्या शाकाहाराचा आढावा

सिल्लोड तालुक्यात माणसं शाकाहाराकडे अनेक वाटांनी येतात. कुणी वारी करून गळ्यात माळ घालतं आणि त्या दिवसापासून घरात वशाट बंद होतं. कुणी महानुभाव पंथाचा उपदेश घेतं. कुणाचं घर पिढ्यान्‌पिढ्या जैन किंवा लिंगायत असतं. कुणाला छातीत कळ येऊन गेल्यावर डॉक्टर मटण कमी करायला सांगतात. अलीकडे संभाजीनगर-पुण्याला शिकायला गेलेली काही मुलं सुट्टीत घरी येतात आणि दूध-दहीही नको म्हणतात. वाटा वेगळ्या असल्या तरी पुढचा प्रश्न सगळ्यांना सारखाच पडायला हवा. मांस, मासे, अंडी ताटातून गेली, त्यांच्या जागी काय आलं?

हा प्रश्न आपल्याकडे क्वचित विचारला जातो. काय सोडलं याची चर्चा होते, त्याचं कौतुक होतं, कधी त्यावरून भांडणंही होतात. काय धरलं याची विचारपूस कुणी करत नाही. प्रकृतीचा सगळा हिशेब मात्र तिथेच ठरतो. धर्म, शेती, पोषणशास्त्र आणि सरकारी धोरण अशा चारही अंगांनी हा विषय तपासल्यावर माझं मत एका ठिकाणी येऊन ठरतं. चांगल्या शाकाहाराला लागणारं जवळजवळ सगळं आपल्या तालुक्याच्या शेतांत पिकतं, पण ते चुलीपर्यंत पुरेसं पोचत नाही. जी एक-दोन द्रव्यं आपल्या शेतात मिळतच नाहीत, त्यांची वेगळी तजवीज करावी लागते, आणि ती करायला कमीपणा वाटू नये.

किती जण आणि कशासाठी

महाराष्ट्र हा शाकाहारी प्रांत आहे अशी अनेकांची समजूत असते. नमुना नोंदणी पद्धतीच्या 2014 च्या पाहणीत 15 वर्षांवरच्या लोकांपैकी महाराष्ट्रात साधारण 40 टक्के शाकाहारी निघाले. देशाची सरासरी 29 टक्क्यांच्या आसपास होती आणि राजस्थानात हे प्रमाण 75 टक्क्यांपर्यंत गेलं होतं. म्हणजे देशाच्या मानाने आपण जास्त शाकाहारी, तरी दहातले सहा जण सामिष खाणारेच.

आपल्या जिल्ह्यात शाकाहाराची मुळं खोल आहेत. वेरूळला 30 ते 34 क्रमांकाची लेणी जैनांची आहेत. पैठण ही एकनाथांची भूमी, आणि महानुभावांच्या चक्रधरस्वामींचा वावरही तिथे होता. अहिंसेचा विचार इथे शेकडो वर्षं रुजला आणि सामान्य शेतकऱ्याच्या घरातही माळकऱ्याचं पान वेगळं मांडण्याची रीत पडली.

त्याच वेळी याच मराठवाड्यात मांसाहार हा अनेक समाजांच्या जगण्याचा आधार होता, हेही तितक्याच आदराने सांगायला हवं. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या 2015 सालच्या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलित समाजांच्या खाद्यपरंपरेची तपशीलवार नोंद केली आहे. ज्यांना गावाने तूप, दूध, डाळी कधी पोटभर मिळू दिल्या नाहीत, त्यांनी मिळेल त्या मांसातून ताकद मिळवली. हे वाचल्यावर शाकाहार म्हणजे वरची पायरी असं म्हणायला जीभ रेटत नाही. शाकाहार ही निवड आहे. ती दुसऱ्याच्या ताटाकडे नाक मुरडण्यासाठी वापरली की तिच्यातली अहिंसाच संपते.

आरोग्याच्या कारणासाठी वळणाऱ्यांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. इंग्लंडमधल्या एपिक-ऑक्सफर्ड या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष 2019 मध्ये आले. मांस खाणाऱ्यांपेक्षा शाकाहारी लोकांत हृदयविकाराचं प्रमाण सुमारे 22 टक्के कमी दिसलं, पण पक्षाघाताचं सुमारे 20 टक्के जास्त. फायदा खरा आहे, पण तो एकतर्फी नाही. शिवाय तिथल्या शाकाहाऱ्याच्या ताटात कडधान्यं, फळं, सालासकट धान्य असतं. आपल्याकडचा शाकाहारी माणूस तीन वेळा गोड चहा, दुपारी पोळी आणि बटाट्याची भाजी, संध्याकाळी भजी आणि रात्री भाताचा ढीग एवढ्यावर राहिला, तर त्याला मधुमेह गाठणारच. मांस न खाणं हे त्याला वाचवू शकत नाही.

जुन्या ताटाची घडण

आपल्या भागातलं जुनं ताट आठवून पाहावं. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात ज्वारीची भाकरी, थंडीत तीळ लावलेली बाजरीची. कोरड्यास म्हणून तुरीचं किंवा उडदाचं वरण, मटकीची उसळ, हुलग्याचे शेंगोळे, येसराची आमटी, नाहीतर पिठलं. पालेभाजी रोजची: मेथी, शेपू, चुका, तांदुळजा, अंबाडी, कोवळ्या करडईची, हरभऱ्याच्या शेंड्यांची. पहिल्या पावसानंतर अजिंठ्याच्या डोंगरउतारावरून तरोटा, केना, घोळ, पाथरी आणि करटुली यायची. सोबत जवसाची, कारळाची किंवा शेंगदाण्याची चटणी, मिरचीचा ठेचा, कांदा आणि तांब्याभर ताक. हुरड्याच्या दिवसांत शेतातच जेवण. गोडाला गूळ.

पोषणशास्त्राने शंभर वर्षांत जे शोधलं, त्यातलं बरंचसं या ताटात आधीच होतं. ज्वारी-बाजरीच्या प्रथिनांत लायसीन नावाचं अमिनो आम्ल कमी असतं आणि डाळींत ते भरपूर असतं. उलट डाळींत मिथायोनिन कमी आणि धान्यात बऱ्यापैकी. भाकरी आणि वरण एकत्र जेवल्याने दोघांची उणीव भरून निघते. मटकीला मोड आणल्याने आणि ज्वारीचं पीठ ताकात आंबवून आंबील केल्याने फायटेट कमी होतात. धान्या-डाळींतलं लोह आणि जस्त हे फायटेट अडवून धरत असतात. जवसात ओमेगा-3 गटाचं स्निग्ध आम्ल आहे. माशांत असलेलं ओमेगा-3 वेगळ्या रूपातलं असतं, तरी मासे न खाणाऱ्यांसाठी जवस हा सर्वांत जवळचा आणि स्वस्त पर्याय आहे.

हे ताट सगळ्यांच्या वाट्याला येत नव्हतं, हेही खरं. मराठवाडा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता. 1960 च्या सुमारास हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत, डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दख्खनच्या पठारावरचे पेलाग्राचे रुग्ण अभ्यासले. कातडी काळी पडून सोलणं, जुलाब आणि मनाचा तोल जाणं ही या रोगाची लक्षणं. हे रुग्ण होते नुसत्या ज्वारीवर पोट भरणारे गरीब मजूर. ज्वारीतल्या जादा ल्यूसीनमुळे शरीरातल्या नायसिनचं गणित बिघडतं, असं गोपालन यांचं म्हणणं होतं. त्यावर पुढे शास्त्रज्ञांत वाद झाले, पण ज्यांच्या ताटात भाकरीबरोबर डाळ, भाजी, दूध होतं त्यांना हा रोग झाला नाही, यावर वाद नव्हता. एकट्या धान्यावर शाकाहार तरत नाही, हा धडा याच मातीतला आहे.

पिकतं ते जातं कुठे

आज तालुक्यातून फिरताना दोन्ही बाजूंना कापूस आणि मका दिसतो, मधून सोयाबीन. उन्हाळ्यात लावलेली मिरची पावसाळ्यात तोडणीला येते आणि शिवन्याच्या बाजारातून ट्रक भरून बाहेर जाते. हे पैशाचं पीक आहे. त्यावर मुलांची शिक्षणं झाली, घरं उभी राहिली, त्यामुळे त्याला नावं ठेवण्याचा अधिकार कुणालाच नाही.

ताटावर मात्र त्याचा परिणाम झाला. मका कोंबडीखाद्याला आणि स्टार्चच्या कारखान्यांना जातो. सोयाबीनचं तेल निघतं आणि उरलेली प्रथिनांनी भरलेली पेंड पुन्हा पशुखाद्यात जाते. म्हणजे ज्या दाण्यात शंभर ग्रॅममागे 36 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आहेत, तो आपण पिकवतो, तो दुसऱ्या गावच्या कोंबड्या खातात, आणि आपल्या घरातल्या बाईचं हिमोग्लोबिन आठ-नऊवर असतं. कापसात तुरीच्या ओळी अजून असतात, पण पूर्वी त्याच शेतात मूग, उडीद, तीळ, अंबाडी, भगर, वाळकं, शेरण्या घरापुरत्या यायच्या. ती मिसळ तणनाशकाच्या फवाऱ्यासरशी संपली. ज्वारीचा पेरा कमी झाला, रेशनवर गहू आणि तांदूळ आला, भाकरीची जागा पोळीने आणि भाताने घेतली. दूध डेअरीला जातं आणि घरात चहापुरतं उरतं.

राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये भारतीयांसाठी नवी आहार मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. 2000 किलोकॅलरीच्या दिवसभराच्या ताटात 250 ग्रॅम धान्य, 85 ग्रॅम डाळी-कडधान्यं, 400 ग्रॅम भाज्या, 100 ग्रॅम फळं, 35 ग्रॅम तेलबिया-दाणे, 27 ग्रॅम तेल-तूप आणि 300 मिलिलिटर दूध किंवा दही असावं, असं त्यात आहे. आपल्या घरातल्या ताटाशी हे पडताळून पाहिलं, की धान्य जास्त आणि बाकी सगळं कमी, हे लगेच कळतं. डाळीची आमटी होते, पण ती इतकी पातळ की चार माणसांत मूठभर डाळ विरघळून जाते. तुरीचा भाव चढला की ती आणखी पातळ होते.

प्रथिनांचा हिशेब

‘मांस सोडलं तर ताकद कुठून येणार?’ हा प्रश्न प्रत्येक नव्या माळकऱ्याला ऐकावा लागतो. आकडे मांडून पाहू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला वजनाच्या किलोमागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात. 55 किलोच्या बाईला 46 ग्रॅम. वनस्पतींतली प्रथिनं थोडी कमी पचतात, म्हणून किलोमागे एक ग्रॅम धरणं शहाणपणाचं.

तीन भाकऱ्या, प्रत्येकी 80 ग्रॅम पिठाची, म्हणजे 24 ग्रॅम प्रथिनं. 50 ग्रॅम तूर किंवा मुगाच्या डाळीचं घट्ट वरण, 11 ग्रॅम. 30 ग्रॅम मटकीला मोड आणून उसळ, 6 ग्रॅम. भाजीत-चटणीत मिळून 30 ग्रॅम शेंगदाणे, 7 ग्रॅम. एक वाटी दही, 5 ग्रॅम. बेरीज 53. मांसाचा तुकडाही नाही, पनीर नाही, डबाबंद पावडर नाही, तरी गरज भागली. आता याच ताटातून वरण, उसळ, दाणे आणि दही काढा आणि बटाट्याचा रस्सा ठेवा. बेरीज 26 च्या आसपास येते. दोन्ही ताटं शाकाहारीच आहेत, पण पहिल्यावर शेतात दिवसभर निंदणी करता येते, दुसऱ्यावर संध्याकाळी पाय गळून जातात.

सोयाबीनचा उपयोग आपण शिकायलाच हवा. कच्च्या सोयाबीनमध्ये पचनाला अडथळा आणणारी द्रव्यं असतात, त्यामुळे ते नीट भिजवून, शिजवून किंवा भाजूनच खायचं. भाजलेलं सोयाबीन दहा किलो ज्वारी-गव्हात एक किलो या प्रमाणात दळणाला टाकलं, तर भाकरीची चव फारशी बदलत नाही आणि प्रथिनं वाढतात. गांधीजींनी 1935 मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत सोयाबीनचे प्रयोग करवून घेतले होते आणि ‘हरिजन’मधून त्याविषयी लिहिलं होतं. तेव्हा सोयाबीन महाराष्ट्रात अनोळखी होतं. आज ते शेतभर आहे आणि स्वयंपाकघरात अजूनही अनोळखीच आहे.

लोह: बाईच्या ताटाचा प्रश्न

प्रथिनांपेक्षा अवघड गाठ लोहाची आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. पाच वर्षांखालच्या मुलांत तो 68.9 टक्के होता, पुरुषांत 21.9. एकाच घरात, एकाच चुलीवरचं जेवून एवढी तफावत. पाळीतला रक्तस्राव, लागोपाठची बाळंतपणं ही कारणं आहेतच, पण सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाण्याची रीतही आहे. वरणाच्या भांड्याच्या तळाशी पाणी उरतं आणि ते तिच्या वाट्याला येतं. शाकाहारी घराने अहिंसेचा विचार करताना या हिंसेकडेही पाहावं.

बाईला दिवसाला 29 मिलिग्रॅम लोह लागतं, असं आयुर्विज्ञान संशोधन परिषद सांगते. वनस्पतींतलं लोह मांसातल्या लोहापेक्षा पुष्कळ कमी शोषलं जातं, म्हणून ते किती खाल्लं याइतकंच कशाबरोबर खाल्लं याला महत्त्व आहे. ‘क’ जीवनसत्त्व हे शोषण वाढवतं. लिंबू, आवळा, पेरू, कच्चा टोमॅटो, कोथिंबीर ही आपल्या आवाक्यातली साधनं. सिल्लोडच्या हिरव्या मिरचीत वजनाला वजन संत्र्याहून अधिक ‘क’ असतं. पण भाजल्याने ते घटतं आणि मिरची खाल्ली जाते ती चिमूटभर, म्हणून ठेच्यावर लिंबू पिळावं आणि सोबत कच्चा कांदा-कोथिंबीर घ्यावी. चहा याच्या बरोबर उलट काम करतो. त्यातलं टॅनिन लोह धरून ठेवतं. जेवण झाल्या झाल्या चहा घेण्याची सवय मोडून तो तासाभराने घेतला, तर खर्च न करता लोह वाढतं. भाजी जर्मनच्या पातेल्याऐवजी लोखंडी कढईत केली, तरीही फायदा होतो.

बाजरीविषयी तर महाराष्ट्रातलाच पुरावा आहे. लोह अधिक असलेली ‘धनशक्ती’ बाजरी 2012 मध्ये राज्यात आली. अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातल्या निवासी शाळांत 12 ते 16 वयाच्या मुलांना अशा बाजरीची भाकरी आणि शेव देऊन पाहिली गेली. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, सुरुवातीला लोहाची कमतरता असलेल्या मुलांपैकी ती कमतरता भरून निघालेल्यांचं प्रमाण साध्या बाजरीवरच्या मुलांपेक्षा दीडपटीहून जास्त होतं. मुलांना औषध दिलं नव्हतं, फक्त बाजरीचं बियाणं बदललं होतं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने 2018 मध्ये ‘परभणी शक्ती’ ही लोह आणि जस्त जास्त असलेली ज्वारीही दिली आहे. ज्या शेतकऱ्याकडे घरापुरती ज्वारी-बाजरी अजून पेरली जाते, त्याने असं बियाणं मागून घ्यावं.

तरीही गरोदरपणात केवळ ताटावर विसंबून चालत नाही. आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोह-फॉलिक आम्लाच्या गोळ्या 180 दिवस रोज घ्यायच्या असतात. गोळीने मळमळतं म्हणून अनेकजणी ती डब्यात ठेवून देतात. रात्री जेवणानंतर घेतली तर त्रास कमी होतो, हे सुनेला सांगणं सासूचं काम आहे.

बी-12: शेतात न पिकणारं एक द्रव्य

इथे शाकाहाराची खरी मर्यादा आहे आणि ती मोकळेपणाने मान्य करावी. ब-12 जीवनसत्त्व, ज्याला सगळे बी-12 म्हणतात, ते फक्त जिवाणू बनवतात आणि आपल्याला ते प्राण्यांपासूनच्या अन्नातून मिळतं. डाळ, भाजी, धान्य, फळ यांत ते नाही. आंबवलेल्या पिठात किंवा स्पिरुलिनात ते असतं असा प्रचार होतो, पण त्यावर भरवसा ठेवता येत नाही. स्पिरुलिनातलं बहुतेक द्रव्य शरीराला उपयोगी पडणाऱ्या रूपातलं नसतं.

या प्रश्नावरचं जगाने दखल घेतलेलं काम पुण्यात झालं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे परिसरातल्या खेड्यांतल्या, झोपडपट्टीतल्या आणि शहरी मध्यमवर्गातल्या 441 पुरुषांची तपासणी केली. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 67 टक्के पुरुषांत बी-12 कमी होतं, शहरी मध्यमवर्गात तर 81 टक्क्यांत. शाकाहाऱ्यांना ही कमतरता असण्याचा धोका मांसाहाऱ्यांच्या 4.4 पट होता. 1993 मध्ये त्यांनी पुण्याजवळच्या गावांत गरोदर बायकांचा दीर्घ अभ्यास सुरू केला. ज्या आया पालेभाज्या, फळं आणि दूध अधिक घेत होत्या, त्यांची बाळं जन्मतः मोठी आणि वजनदार होती. ज्या आयांत बी-12 कमी आणि फॉलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला प्रतिरोध जास्त दिसला. म्हणजे आईच्या ताटातली उणीव मुलाच्या मधुमेहापर्यंत पोचू शकते.

लक्षणं हळू येतात. हातापायांना मुंग्या, तोंड येणं, जिभेला आग, सततचा थकवा, विसरभोळेपणा. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून माळ घातल्यावर लगेच काही जाणवत नाही. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-12 आणखी घटतं. फक्त फॉलिक आम्ल घेतलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि मज्जातंतूंचं नुकसान मागे चालूच राहतं.

गरज दिवसाला दोन-सव्वादोन मायक्रोग्रॅमची आहे. 300 मिलिलिटर दूध-दह्यातून तिच्या निम्म्याच्या आसपास मिळतं. रोज दूध दिल्याने तरुण शाकाहाऱ्यांचं बी-12 सुधारतं, हे पुण्यातच दिसून आलं आहे. त्यामुळे दूध घेणाऱ्या शाकाहाऱ्याने डेअरीला घालण्याआधी घरच्या माणसांसाठी पेलाभर बाजूला काढावं आणि वर्षातून एकदा तपासणी करावी. डॉक्टरांनी गोळी सांगितली तर ती घ्यावी. माळ घालताना घेतलेल्या व्रतात या गोळीने काहीच खंड पडत नाही. ती जिवाणूंपासून बनते.

दूधही नको म्हणणाऱ्यांसाठी

पूर्ण वनस्पतीजन्य आहाराला जगभर ‘व्हीगन’ हे नाव आहे. 1944 मध्ये इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी ते घडवलं. आपल्याकडे अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2022 मध्ये अशा पदार्थांसाठी नियम केले आणि पाकिटावर हिरव्या रंगातलं ‘व्ही’चं चिन्ह आणलं. पण विचार आपल्याला नवा नाही. गांधीजींनी 1912 मध्ये दक्षिण आफ्रिकेत दूध सोडलं. पुढे भारतात मोठ्या आजारपणात शरीर साथ देईना, तेव्हा 1919 मध्ये त्यांनी शेळीचं दूध घेतलं. व्रताचा शब्द पाळला पण त्यामागचा हेतू मोडला, ही खंत त्यांनी आत्मकथेत मांडली आहे. दुधाला वनस्पतींतून पर्याय मिळावा, ही त्यांची तळमळ शेवटपर्यंत राहिली. त्यांच्या काळात बी-12 हे जीवनसत्त्व माहीतच नव्हतं. ते 1948 मध्ये वेगळं काढलं गेलं. त्यांच्याकडे नव्हती ती गोळी आज आपल्या औषधाच्या दुकानात आहे.

म्हशीचं रेडकू दुधाच्या हिशेबात कसं उपाशी मरतं, हे गावात वाढलेल्या प्रत्येकाने पाहिलेलं असतं. ते पाहून कुणी दूध सोडलं तर त्याच्या भावनेची थट्टा करू नये. पण त्याने चार गोष्टी पाळाव्यात. बी-12 ची गोळी न चुकता. कॅल्शियमसाठी सालासकट तीळ, नाचणी, राजगिरा, शेवग्याचा पाला आणि तांदुळजा. शंभर ग्रॅम सालीच्या तिळांत हजार मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असतं. त्यातलं सगळं शोषलं जात नाही, तरी रोज दोन चमचे तिळाच्या चटणीने फरक पडतो. तिसरी गोष्ट उन्हाची आणि ‘ड’ जीवनसत्त्वाच्या तपासणीची. चौथी, डाळ-सोयाबीनचं प्रमाण वाढवायचं. 2020 मध्ये एपिक-ऑक्सफर्डच्याच अभ्यासात व्हीगन लोकांत खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण मांसाहाऱ्यांच्या दुपटीहून जास्त आढळलं. वजन, कॅल्शियम आणि प्रथिनं कमी असणं ही त्याची काही कारणं दिसली, पण त्यांनी सगळा फरक उलगडला नाही. जनावरावर दया करताना स्वतःच्या हाडांचा विसर पडू देऊ नये.

वाढती मुलं आणि शाळेतलं अंडं

मुलांच्या बाबतीत मोठ्यांनी अधिक जपून राहावं. महाराष्ट्रात पाच वर्षांखालची 35.2 टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आणि 36.1 टक्के कमी वजनाची आहेत, असं कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या त्याच पाचव्या फेरीत दिसलं. राज्य सरकारने नोव्हेंबर 2023 मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं आणि अंडं न खाणाऱ्यांना केळं देण्याचं ठरवलं. वारकरी आणि इतर काही मंडळींनी विरोध केला. 2025 च्या सुरुवातीला अंड्यासाठीचा वेगळा निधी थांबला.

या वादात दोन्ही बाजूंनी एक गोष्ट सोडून दिली. अंडं आणि केळं यांची बरोबरी होत नाही. अंड्यात प्रथिनं आहेत, बी-12 आहे. केळ्यात प्रथिनं नावापुरती आणि बी-12 नाहीच. ज्या घरात अंडं चालतं तिथल्या मुलाला ते मिळू द्यावं, दुसऱ्याच्या व्रतापायी त्याने उपाशी का राहावं? आणि ज्या घरात चालत नाही तिथल्या मुलाला केळ्याऐवजी दूध, गूळ-शेंगदाण्याची चिक्की, फुटाणे आणि मोड आलेल्या मटकीची उसळ मिळावी. माळकरी आईबापांनी हा आग्रह शाळेत जाऊन धरावा. अंड्याला विरोध करायला शंभर जण जमतात, दुधाची मागणी करायला तेवढेच जमायला हवेत.

उपवास आणि पाकिटातला शाकाहार

आपल्या शाकाहारात दोन चोरवाटा आहेत. एक उपवासाची. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. श्रावणात आणि एकादशीला त्याचीच खिचडी खाऊन पित्त वाढतं आणि साखरही वाढते. भगर, राजगिऱ्याची भाकरी किंवा लाडू, शेंगदाण्याची आमटी, दही, रताळं यांवर तोच उपवास कितीतरी चांगला होतो. दुसरी वाट पाकिटांची. फरसाण, बिस्किटं, वेफर्स यांवर हिरवा ठिपका असतो आणि तो पाहून माणूस निर्धास्त होतो. तो ठिपका दूध-मध वगळता प्राण्यांपासूनचं काही नाही एवढंच सांगतो. मैदा, पाम तेल, मीठ, साखर यांविषयी तो गप्प असतो.

करायचं काय

घरापासून सुरुवात करावी. वरण घट्ट हवं आणि बायकांनी सगळ्यांबरोबर बसून जेवायला हवं. आठवड्यातून चार दिवस पालेभाजी, तीन दिवस मोडाची उसळ, रोज मूठभर शेंगदाणे आणि चमचाभर जवस-तिळाची चटणी. चहा जेवणापासून लांब. दूध घरासाठी आधी.

शेताची बाजू त्याहून महत्त्वाची. लातूर-धाराशिव भागात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने दुष्काळी वर्षांत बायकांना घरच्या शेतातला एक तुकडा मागून घ्यायला शिकवलं. एक एकराच्या त्या तुकड्यावर त्या कडधान्यं, ज्वारी-बाजरी आणि भाजी स्वतःच्या निर्णयाने लावू लागल्या. 2017 मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. सिल्लोडमध्ये ज्यांच्याकडे पाणी आहे त्यांनी मिरची जरूर लावावी, मकाही लावावा, पण पाच-दहा गुंठे घराच्या नावाने वेगळे ठेवावेत: तूर, मूग, मटकी, बाजरी, तीळ, जवस, बांधावर दोन शेवगे. ज्यांना शेती नाही, त्यांच्यासाठी रेशनवर डाळ आणि ज्वारी नियमित मिळावी, ही मागणी तालुक्याने एकमुखाने करायला हवी. भूमिहीन मजुराच्या ताटात डाळ नसेल, तर त्याला शाकाहाराचा उपदेश करण्याचा हक्क कुणालाच पोचत नाही.

शाकाहार निवडणाऱ्याने स्वतःलाही एक अट घालून घ्यावी. ज्या दिवशी मांस सोडलं, त्या दिवसापासून डाळ, पाला, दाणे आणि दूध यांची जबाबदारी आपली. दूधही सोडलं असेल तर गोळीची जबाबदारी आपली. त्या घरातली सून, मुलगी आणि म्हातारी आई तीन वर्षांनी ठणठणीत असल्या, त्यांचं रक्त भरलेलं असलं, तरच ते व्रत नीट पाळलं गेलं असं म्हणता येईल. जिवावर दया करायची, तर त्या दयेत आपल्या घरातले जीवही आले.